मागावरचा हेडफोन

चांगल्या हेडफोनचं कौतुक कुणी माझ्यासमोर करू नये. आवाज किती मोकळा, कानाला किती हलका, तासन्‌तास घातला तरी घातल्यासारखा वाटत नाही, असं कुणी सुरू केलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मला हे सगळं माहीत आहे. सांगणाऱ्याचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून माहीत आहे. तसला एक हेडफोन बेळगावच्या वडगावात, आमच्या घरात, पाच वर्षं होता आणि त्याच पाच वर्षांत माझ्या आप्पांचे कान गेले. हेडफोनला दोष देऊन मी सुटणार नाही. तो ज्या कामासाठी बनवला होता ते काम चोख करत होता. दोष अण्णाचा होता आणि माझा होता, आणि दोघांत जास्त कुणाचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आम्ही साड्या विणणारे. घराच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून आप्पा बसायचे आणि दोरी ओढून धोटा इकडून तिकडे फेकायचे. त्या मागालाही आवाज होता, पण त्या आवाजात माणसाला बोलता यायचं. आप्पा तर गुणगुणायचे. त्याला गाणं म्हणता आलं नसतं, एकच ओळ फिरून फिरून. मी शेजारी बसून कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे. आप्पांचं गुणगुणणं थांबलं की मला न बघता कळायचं, कुठंतरी सूत तुटलं.

त्यांना ते कानानं कळायचं. उभ्या सुतातला, म्हणजे ताण्यातला, एक धागा तुटला तरी धोट्याच्या आवाजात फरक पडतो, असं ते म्हणायचे. मी पुष्कळ कान देऊन बघितलं, मला कधी तो फरक लागला नाही. गल्लीत कुणाचा माग बिघडला की आप्पांना बोलावणं यायचं. ते आत जायचेच नाहीत. दारात उभं राहून ऐकायचे, 'डावीकडची फळी ढिली हाय बघा' असं सांगायचे आणि घरी परत यायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाला हे येत असेल.

अण्णाला मागाचा आवाज सोसायचा नाही. जेवताना तो ताट उचलून मागच्या परसात जायचा. शाळेत असल्यापासून त्याला रेडिओचं वेड. बेळगावात शिकून तो तंत्रज्ञ झाला आणि मस्कतला गेला, गाण्याची यंत्रं विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात. तिथून त्याचं पत्रामागून पत्र यायला लागलं, की हातमागात आता काही राहिलं नाही, यंत्रमाग बसवा, मी बघतो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. वडगावात घराघरात यंत्रमाग येत होते हे खरं, पण आमच्या घरात ते अण्णाच्या हट्टानं आले. खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्यावर फरशी करून चार यंत्रमाग बसवले. ज्यानं आवाज नको म्हणून घर सोडलं, त्यानं आमच्या दारात चार यंत्रं आणून लावली आणि स्वतः समुद्रापलीकडं गार हवेच्या दुकानात जाऊन बसला. हे मी तेव्हाही म्हटलं होतं. आई म्हणाली, 'गप गं, भाऊ हाय त्यो.'

यंत्रमागाचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. एका मागाचा धोटाच मिनिटाला किती वेळा आपटतो ते मोजता येत नाही. तसे चार, पत्र्याखाली, एका खोलीत. बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर हातवारे. आप्पांचं गुणगुणणं पहिल्याच दिवशी बंद झालं. त्यांनी मग गल्लीतले सगळे करायचे तेच केलं. मागावरचं वाया गेलेलं सूत चुरगाळून, थुंकी लावून त्याचे दोन घट्ट बोळे करायचे आणि कानात ठासायचे. दिसायला गबाळं, पण त्यानं आवाज खरोखर कमी व्हायचा. बोळे घालूनही कुठल्या मागाचं सूत तुटलं ते त्यांना कळायचंच. ते म्हणायचे, 'आवाज बाहीर ऱ्हातोय आन्‌ फरक तेवडा आत येतोय.'

दोनएक वर्षांनी अण्णा रजेवर आला तो एक मोठं खोकं घेऊन. कॅसेटचं यंत्र, आवाज वाढवायचं यंत्र आणि तो हेडफोन. हल्ली तसल्याला प्लेनर मॅग्नेटिक की काय म्हणतात. त्या वेळी आमच्या लेखी तो नुसता 'अण्णाचा हेडफोन' होता. मोठा, काळा, बशीएवढे दोन कान, वरती पोलादी कमान आणि कमानीखाली चामड्याचा मऊ पट्टा. अण्णानं तो खोक्यातून असा काढला की आईला वाटलं देवाची मूर्ती आणली.

त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. खोटं का बोलू, मी तसं काही आयुष्यात अनुभवलं नव्हतं. वजन होतं, पण ते सगळं पट्ट्यावर पसरलेलं. डोक्याला कुठं टोचत नव्हतं की कानाला कुठं दाबत नव्हतं. गादी कानाच्या भोवती बसत होती, कानाला शिवतसुद्धा नव्हती. मग त्यानं कॅसेट लावली. आमच्या रेडिओतून गाणं यायचं ते खोलीच्या एका कोपऱ्यातून, खोकल्यासारखं. इथं बाई माझ्या समोर बसली होती. तिनं ओळ घेण्याआधी घेतलेला श्वास मला ऐकू आला. तबल्यावर बोट आधी कडेला लागतं आणि मग मध्ये, ते मला ऐकू आलं. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती तेही ऐकू येत होतं, बांगड्यांसकट. मी तसं अण्णाला सांगितलं. तो खूश झाला.

'हीच तर गंमत आहे. ह्याची पाठ उघडी आहे,' असं म्हणून त्यानं मागची जाळी दाखवली. 'बंद हेडफोनात आवाज डब्यात घुमल्यासारखा होतो. ह्यात मागून हवा मोकळी जाते, म्हणून आवाज मोकळा.'

आप्पा माग बंद करून दारात येऊन उभे होते. त्यांनी हेडफोन हातात घेतला, जाळीतून आत बघितलं आणि विचारलं, 'आत काय हाय?' अण्णानं त्यांना समजावून सांगितलं, की आत एक अगदी पातळ पडदा आहे, त्याच्यावर तांब्याची रेघ वर-खाली, वर-खाली काढलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली लोहचुंबकं. साध्या हेडफोनात पडदा मधोमध ढकलला जातो, ह्यात सगळा पडदा एकदम हलतो.

आप्पांनी हेडफोन उलटा करून परत बघितलं. 'म्हंजे सगळा ताणा येकदम उचलतोय. येका ठिकानी वडत न्हाय.'

अण्णा बघतच राहिला. त्याला मस्कतमध्ये हे समजायला किती दिवस लागले होते कुणास ठाऊक, आणि आप्पांनी ते उभ्या उभ्या आपल्या भाषेत बसवून टाकलं. 'आन्‌ मागं जाळी ठेवलीया ती बरी केलीया,' ते म्हणाले. 'वारं लागतंय. कान घामेजत न्हाय.' त्यांच्या डोक्यात जाळीचं काम हे एवढंच बसलं, वारं. अण्णानं ते दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही. आम्ही दोघं हसलो. मला त्या हसण्याचा आज संताप येतो.

त्या दिवशी आप्पांना काही ऐकवायचं राहूनच गेलं. अण्णा म्हणाला, हात धुऊन या, हाताला तेल आहे. ते हात धुऊन आले तोवर गल्लीतले चार जण जमले, मग लाइट गेली, मग कुणाचा तरी माग बिघडला म्हणून आप्पा निघून गेले. अण्णाची रजा संपली. ही यंत्रं मांडून बेळगावात स्वतःचं दुकान काढायचा त्याचा बेत होता, तो त्यानं पुढं ढकलला, यंत्रं मलमलीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली आणि 'कुणी हात लावायचा नाही' असं मला बजावून गेला.

दरम्यान मला खानापूरला तालुक्याच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. कागद कन्नडात, घर मराठीत, शिव्या दोन्हीत, असा आमचा कारभार. दिवसभर घराबाहेर असल्यानं आप्पांचा कान दुखतोय हे मला उशिरा कळलं. उशीवर पिवळा डाग बघून आईनं सांगितलं. सुताच्या बोळ्यातलं तूस आत जाऊन कान पिकला होता.

मी त्यांना बेळगावात कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कान साफ केला, थेंब दिले आणि सांगितलं, आता कानात काही कोंबायचं नाही. आवाजाच्या ठिकाणी काम असेल तर कान बाहेरून झाका, पूर्ण झाकेल आणि घट्ट बंद बसेल असं काहीतरी. मोठ्या कारखान्यांत वाट्यांसारखं मिळतं, इकडं मिळेल का सांगता येत नाही. ह्यातलं 'पूर्ण झाकेल' एवढं मी धरलं आणि 'घट्ट बंद' सोडून दिलं. बसमध्येच मी आप्पांना म्हणाले, 'अण्णाचा हेडफोन हाय की घरात.'

अक्कल माझी. त्यांची नाही, आईची नाही, गल्लीतल्या कुणाची नाही. शिकलेली मी एकटी. त्यात माझ्या कानांनी आईच्या बांगड्या ऐकल्या होत्या आणि तरीही मी हे बोलले. मला वाटलं, एवढी मोठी वस्तू, परदेशी, कान सगळा झाकतेय, मऊ आहे, आवाज आत कुठून येणार? खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही, मी विचारच केला नाही. लोकांना माझं हे कळत नाही. ते म्हणतात, तुला काय माहीत होतं. मला माहीत होतं, हेच तर दुखणं आहे.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा हेडफोन घालून मागावर उभे राहायला लागले. वायर गुंडाळून बंडीच्या खिशात. गल्ली बघायला लोटली. कुणी म्हणालं, 'आप्पा इमान चालवायला निगाले.' आप्पांना राग नव्हता. पोराची वस्तू डोक्यावर आहे ह्याचाच त्यांना अभिमान. मी विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, 'लई झाक. डोस्क्याला कळतबी न्हाय घातल्यालं. आवाज येतोय, पर लांबनं आल्यागत.'

तो लांबून येत नव्हता. महिनाभर औषध चाललं होतं, कान सुजलेला होता, म्हणून तसं वाटत होतं. पण मी खूश झाले आणि अण्णाला पत्र लिहिलं, की तुझ्या हेडफोनचा घराला केवढा उपयोग झाला बघ.

अण्णाचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. चार पानं. ते पत्र माझ्याकडं अजून आहे, मी ते मुद्दाम जपलंय. पहिल्या पानावर, हेडफोन मागाच्या खोलीत नेला हे चांगलं केलं नाहीस, पण आता आप्पांना सवय झाली असेल तर ठीक. दुसऱ्या पानावर, जाळीतून तूस आत गेलं तर पडद्याला चिकटतं आणि आवाज फाटतो. रोज रंगाच्या मऊ ब्रशनं जाळी झाडावी, तोंडानं फुंकू नये, फुंकीत ओल असते. तिसऱ्या पानावर, घामानं चामडं कडक होतं, गाद्या कोरड्या फडक्यानं पुसाव्यात. चौथ्यावर, घरी आल्यावर मी तो स्वतः उघडून साफ करीन, तोवर वायर वाकवू नये. आणि शेवटी, आप्पा-आईला नमस्कार. एवढ्या चार पानांत एक ओळ नव्हती, की अगं बये, ह्याची पाठ उघडी आहे, ह्यानं आवाज अडत नाही. तूस आत जाईल हे त्याला मस्कतमध्ये बसून सुचलं. ज्या भोकातून तूस जाईल त्याच भोकातून आवाजही जाईल, हे त्याला सुचलं नाही. हेडफोनमधलं सगळं कळणारा माझा भाऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

आणि मी काय केलं? मी बाजारातून ब्रश आणला. रोज सकाळी खानापूरची गाडी पकडायच्या आधी मी त्या जाळीतलं तूस झाडून काढायचे, भोक न् भोक मोकळं. दोन वर्षं. आवाज आत जायला वाट मी स्वतःच्या हातानं स्वच्छ करून ठेवत होते.

खुणा दिसत होत्या. लाइट गेली की चारी माग थांबायचे आणि सगळी गल्ली आपोआप हळू बोलायला लागायची. आप्पा मात्र तेवढ्याच मोठ्यानं ओरडत राहायचे. आई हसायची, म्हणायची, 'ह्यांचा माग तोंडात बसलाय.' मग निपाणीचा व्यापारी, जो वर्षानुवर्षं आमच्या साड्या डोळे झाकून न्यायचा, त्यानं एक साडी उलगडून आप्पांसमोर धरली. अंगात चांगली हातभर सरळ रेघ पडली होती. सूत तुटलेलं आणि माग तसाच चालत राहिलेला. आप्पांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मी म्हणाले, वय झालं, नजर गेली असेल. त्यांना चष्मा करून आणला.

पुढं मला दिसायला लागलं, की ते चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून उभे असतात. मी समजले, दमलेत.

एका सुट्टीच्या दिवशी आप्पा परसात तोंड धुवायला गेले होते, माग चालू होते, आणि हेडफोन खिडकीत काढून ठेवलेला होता. मी तो सहज, गंमत म्हणून डोक्यावर घातला. चार मागांच्या मधोमध उभी होते. काहीच झालं नाही. काढला, परत घातला. काढला, घातला. आवाजात कणाचा फरक नाही. धोट्याचा प्रत्येक फटका जसा उघड्या कानात शिरत होता तसाच शिरत होता, उलट चामड्याची गादी मऊ असल्यामुळं आरामात बसून मार खाल्ल्यासारखं. मी तिथंच कांड्यांच्या टोपलीवर बसले.

आप्पा आले. मी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले, 'आप्पा, ह्यानं काय बी आवाज थांबत न्हाय. समदा आत येतोय.'

त्यांनी माझ्याकडं समजूतदारपणे बघितलं. 'तुजं कान नवं हायत,' ते म्हणाले. 'तुला लागंल. मला लई गुन आलाय गं. आदी म्हैनाभर वाईच येत हुता, आता तर लईच कमी झालाय. जसं वापरावं तसं बरं हुतंय.'

जसं वापरावं तसं बरं होतंय. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. आतली नस गेली होती, दोन्हीकडची, आणि ती परत येत नाही असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. काय घालत होते, असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी हेडफोन लपवला. आप्पा दिवसभर उघड्या डोक्यानं मागावर उभे राहिले आणि संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं, 'पोरगी रागावली हाय काय माज्यावर?' मग आईनं जाळीवर बाहेरून गोधडीचे जाड तुकडे शिवून बसवले. आप्पांनी ते उसवले, घाम येतो म्हणाले, वारं लागत नाही. मेण लावलेला कापूस आणला, तो त्यांनी कानात राहू दिला नाही, कारण डॉक्टरांनीच कोंबायला मना केलं होतं ना. शेवटी मी हेडफोन परत खिडकीत ठेवला. माग विकून टाका म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती, घर त्यावर चाललं होतं. म्हणजे सगळं कळल्यावरही मी तो त्यांच्या हातात दिला. अण्णाला शिव्या घालताना हे मी सोयीस्करपणे गाळते.

अण्णाला मात्र मी पत्रानं कळवलं नाही. तोंडावर सांगायचं होतं.

तो आला तो पुढच्या वर्षी. पिशव्या खाली ठेवल्या, पाया पडला, चहा घेतला, आणि पहिलं काय केलं असेल तर हेडफोन मागितला. मलमलीतून यंत्रं काढून जोडली. हेडफोन डोक्यावर घालून डोळे मिटले आणि त्याचं तोंड कसनुसं झालं. 'उजवीकडचा पडदा थोडा फाटतोय,' तो म्हणाला. 'तूस गेलंय. मी लिहिलं होतं ना ब्रशनं झाडायला?'

'रोज झाडत हुते,' मी म्हणाले. 'तुला पडदा दिसला. आप्पांच्या कानाचा पडदा दिसला न्हाय?' आणि मग मी बोलत सुटले. डॉक्टर, साडीवरची रेघ, चौकटीवरचा हात, चार पानांचं पत्र, सगळं. आई मध्ये पडली नाही. अण्णा आधी चिडला. 'मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाठ उघडी आहे म्हणून. मला वाटलं, तुला कळलंय. नुसतं उबेला म्हणून घालत असतील.' वडगावातल्या पत्र्याखाली उबेला. त्याचं म्हणणं खरं होतं, त्यानं सांगितलं होतं. म्हणून तर मला त्याला मारावंसं वाटत होतं.

लाइट गेल्यामुळं की काय, आप्पा माग सोडून आत आले. नाही, लाइट होती, अण्णा आला म्हणून त्यांनीच माग बंद केले होते. आम्ही भांडतोय हे त्यांना कळलं नाही. ते हसत हसत अण्णाजवळ पलंगावर बसले आणि हेडफोनकडं बोट करून मोठ्यानं म्हणाले, 'लई उपेगी पडला रं तुजा.'

अण्णाला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं हेडफोन स्वतःच्या डोक्यावरून काढला आणि आप्पांच्या डोक्यावर नीट बसवला, पट्टा खाली-वर करून, जसा त्यानं पहिल्यांदा माझ्या डोक्यावर बसवला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं तो डोक्यावर घालून ह्या माणसानं त्यातून एक गाणंसुद्धा ऐकलं नव्हतं. वायर कायम खिशात होती.

अण्णानं तीच बाई लावली, तीच कॅसेट. आप्पा वाट बघत बसले. अण्णानं आवाजाचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं. पाठ उघडी असल्यामुळं जाळीतून गाणं बाहेर यायला लागलं. पलंगाजवळ मला ऐकू येत होतं, दारात उभ्या आईला ऐकू येत होतं, ती पदरानं तोंड दाबून उभी होती. खोलीत सगळ्यांना गाणं ऐकू येत होतं. अण्णानं बटण शेवटापर्यंत नेलं.

आप्पांनी आम्हा तिघांकडं बघितलं. आम्ही काहीतरी ऐकायची वाट बघतोय हे त्यांना कळलं असावं. त्यांनी मान डोलावली, अण्णाच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, 'चांगला माल हाय रं. अजून तसाच हाय. काय बी आवाज येत न्हाय आत.'

मग त्यांनी हेडफोन काढला आणि माझ्यापुढं धरला. 'तूबी घालत जा गं मागापाशी. कान हायत तवर जपावं.'

अण्णानं बटण मागं फिरवलं. मी हेडफोन घेतला आणि डोक्यावर घातला, कारण आप्पा बघत होते. डोक्याला कुठं टोचला नाही, कानाला कुठं दाबला नाही. उजवीकडं किंचित फाटत होतं, पण बाईनं ओळीआधी घेतलेला श्वास मला ऐकू आला, तबल्याच्या कडेला लागलेलं बोट ऐकू आलं, आणि दाराशी आईचा हुंदकाही ऐकू आला. आवाज फार सुंदर होता. मला अजून राग आहे तो त्याचा.